हात वर केला नाय, झाला

...नाय हो, केला नाय! किती वेळा सांगू तुमाला, मी हात वर केला नाय, हात वर झाला! आता तुमी म्हणाल, जोतीराम, त्यात काय एवढा फरक, हात तुझा, खांदा तुझा, वर गेला म्हणजे तूच नेला असशील ना... अहो, नेला आन् गेला ह्यात फरक नसता तर पाकीटमाराला कुणी पकडलं असतं का? तो पण म्हणला असता, साहेब, मी नेलं नाय, पाकीट गेलं! पण त्याचं कुणी ऐकत नाय आन् माझं पण ऐकत नाय, आन् बावीस वर्षं कांद्याच्या गोण्या वाहिलेला माणूस भर कामाच्या टायमाला घरात बसून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतोय. घड्याळ पण फुकटचं. त्याचं सांगतो, त्याचंच तर सांगायचंय.

घाई नाय ना तुमाला? मला तर अजिबात नाय. मला आता कसलीच घाई नाय, तोच तर वांधा हाय.

मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. म्हणजे होतो. आमची टोळी अठरा जणांची, सगळी सातारकडची, आन् टोळीचा मुकादम मानसिंग. टोळीत जागा म्हणजे काय ते बाहेरच्याला नाय कळायचं. सरकारी नोकरी सुटंल, बायको माहेरी जाईल, पण टोळीतली जागा जाता कामा नये. एक जागा रिकामी झाली की दहा जण टपलेले, कुणाचा भाचा, कुणाचा चुलता, कुणाचा मेहुणा... मेहुण्याचं नाव घेतलं बघा, कपाळावर आठी आली का नाय माझ्या? पोपट त्याचं नाव. उज्वलाचा धाकटा भाऊ. उज्वला म्हणजे आमची मंडळी. पोपट चार वर्षांपूर्वी आमच्या नेरूळच्या खोलीवर दोन दिवसांसाठी आला, एक पिशवी घेऊन, आन् ती पिशवी अजून खिळ्याला तशीच लटकतीय, म्हणजे जायची तयारी हाय बरं का त्याची, फक्त ताटावरनं उठायला उसंत मिळत नाय. मी त्याला टोळीत बदली म्हणून लावला. कुणी आजारी पडलं की हा जाणार. माणसानं एवढा कुणाच्या आजारपणाचा अभ्यास करू नये हो! कुणी शिंकलं तरी ह्याचा चेहरा खुलायचा.

तर आमच्या टोळीची एक पद्धत. दसऱ्याला आमी आकड्यांची पूजा करतो, गोणी ओढायचा लोखंडी आकडा, तेच आमचं शस्त्र. पूजा झाली, आरती झाली, की मानसिंग मधी उभा राहतो, मिशीवरनं हात फिरवतो आन् विचारतो, "गड्यांनो, कुणाला वझं जड होतंय का? होत असंल तर हात वर करा." आता हे विचारायचं म्हणून विचारायचं. पंगतीत पोट फुटायला आलेल्या माणसाला 'आणखी भात?' विचारतात, तसं. कुणी हात वर करत नाय. सगळे छाती पुढं काढून उभे, ज्याचा गुडघा सुजलाय तो जास्त पुढं. मग मानसिंग म्हणतो, "शाब्बास!" आन् पेढे. पण समजा कुणी केलाच हात वर... तर त्याला शाल, नारळ आन् भिंतीवरचं घड्याळ. हाय का नाय गंमत? ज्याला आता वेळच वेळ त्याला घड्याळ! आन् जागा मोकळी. एकदा वर गेला हात की खाली घेता येत नाय. देवासमोरचा शब्द.

दोन वर्षांपूर्वी गोटीरामचं असंच झालं. म्हातारा झाला होता गोटीराम, थप्पी लावताना दोनदा गोणी पाडली होती त्यानं. दसऱ्याला मानसिंगनं विचारलं आन् नेमका त्याच टायमाला गोटीरामनं कान खाजवायला हात उचलला. कान, तुमाला सांगतो, साधा कान! आन् मागनं एक जण ओरडला, "केला! केला! गोटीरामनं हात वर केला!" झालं, सगळी टोळी हसली, टाळ्या पडल्या, डोक्यावरनं शाल आली. गोटीराम बिचारा ओरडतोय, "अरं, खाजवत होतो रं, खाजवत होतो..." शालीतनं कुणाला ऐकू जातंय! आज एका सोसायटीत वॉचमन हाय. आन् ओरडला कोण म्हणून विचाराल तर... मी. मीच ओरडलो. का, तर माझाच उजवा खांदा तेव्हा ठणकायला लागला होता आन् मानसिंगची नजर माझ्याकडं वळायच्या आत दुसरीकडं वळवायची होती. वाईट वाटलं मला, नाय असं नाय. पण पेढा खाल्ला.

आता खांद्याचं. पुढच्या दोन वर्षांत तो खांदा इतका बिघडला की उजवा हात छातीच्या वर जाईना. केस डाव्या हातानं विंचरायचो, बस आली की डाव्या हातानं थांबवायचो. गोणी पाठीवर टाकून दिली की चालत सुटायचो, त्याला हात वर लागत नाय, पण डोळ्यांतनं पाणी यायचं. कुणी विचारलं तर म्हणायचो, कांदा लई तिखट हाय ह्या टायमाचा. बटाट्याच्या गाड्या आल्या की पंचाईत! बटाट्यानं कसं येईल पाणी?

दिवाळे गावची कोळीण बयाबाई यायची मासे घेऊन, ती टोपली उतरवता उतरवता एका नजरेत ओळखून गेली. म्हणली, "भाव, खांदा गेलाय तुजा. मीठ तापव, फडक्यान बांद, शेक. बाकी काय नको." फुकटचा उपाय हो, म्हणून कुणी मनावर घेतला नाय. आमच्या घरात तेव्हा केबल आली होती ना! आन् केबलवर दुपारभर तो गोरा आन् ती गोरी. तोंड इंग्लिशमधी हलतंय, आवाज हिंदीतनं येतोय, "ओह, पहले तो मैं सीढ़ियाँ भी नहीं चढ़ पाती थी!" आन् पोटाला पट्टा, पट्ट्याला वायर, वायरीला बारीक विजेचे झटके देणारी डबी, आन् ती बाई सोफ्यावर बसून मासिक वाचतीय आन् तिचं पोट आपलं आपण व्यायाम करतंय! उज्वलानं ते बघितलं आन् भाजी करपली. म्हणली, "अहो, ह्याच्यानं खांदा पण बरा होतो म्हणे." मी म्हणलं, खांदा पण म्हणजे? आधी काय? तर म्हणली, "आधी पोट." चार पोरांची आई झाल्यासारखं पोट, आन् पोरगं एकच, ते पण सातारला बोर्डिंगात! बाकीचं तीन पोरांचं पोट कुठनं आलं ते मी विचारलं नाय. मला जेवायचं असतं.

पण पट्ट्याची ती डबी माझ्या डोक्यात बसली. दसऱ्यापर्यंत खांदा सांभाळला की वर्ष निघालं, असा हिशोब. मग सुरू झाली निवड! मुलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी करत नाय माणूस. पहिल्यांदा गेलो नेरूळ स्टेशनजवळ सुनयना मॅडमकडं, त्या व्यायाम देतात, शेक देतात, त्यांच्याकडं तसलंच मोठं मशीन, ट्रंकेएवढं. त्यांनी दोन चकत्या खांद्याला लावल्या, बटण दाबलं, आन् खांद्यात मुंग्यांची मिरवणूक! दहा मिनिटं दुखणं गायब. मी म्हणलं, मॅडम, ह्याचं पिल्लू मिळंल का घरी न्यायला? मॅडम म्हणल्या, "काका, मिळतं. पण ते दुखणं विसरायला लावतं, बरं करत नाही. घ्यायचंच असेल तर आपोआप बंद होणारं घ्या. नॉब कडक बघून घ्या, नुसता धक्का लागून फिरणारा नको. चकत्यांना जेलीच लावा, दुसरं काही नको. आणि लावून कामावर जायचं नाही. आणि खरं सांगू का? ओझं सोडा." मी म्हणलं, ओझंच सोडायचं असतं तर मशीन कशाला, मला घड्याळ मिळालंच असतं! त्यांना काय कळलं नाय. बाहेर येऊन उज्वला म्हणली, "लई बोलते बाई."

मग शेजारचा अभय. महाप्याला इलेक्ट्रॉनिकच्या कंपनीत कामाला, म्हणला, "काका, बाजारातनं कशाला घेताय, मी बनवून देतो, आतला माल सगळा सेमच असतो." आन् दिलं की बनवून, साबणाच्या डबीत! झाकणावर अजून साबणाचा वास. पहिला प्रयोग पोपटवर केला, म्हणजे मीच म्हणलं, पोपटवर करू. सैल कवळीसारखी त्याची बत्तीशी वाजायला लागली. मला तेच घ्यायचं होतं. उज्वला नको म्हणली.

शेवटी वाशीला एका हॉलमधी सेल लागला होता, तिथं गेलो तिघं. तिघं कशाला? पोपट म्हणला, दाजी, तुमाला फसवतील. हातगाडीवर सुटे पैसे परत घ्यायचं ज्याला कळत नाय, तो म्हणे मला वाचवणार! तिथं एक टायवाला, दोन मशिनं मांडून बसलेला. एक काळं, जाड, रेडक्यासारखं, त्याला टायमर, त्याचा नॉब असा कडक की दोन बोटांनी जोर लावावा लागायचा. दुसरं निळसर चिंतामणी रंगाचं, साबणाच्या वडीएवढं, सेलवर चालणारं, कमरेला अडकवायचं. टायवाला म्हणतो, "भाभीजी, ये लगा के आप भाकरी करो, बाजार जाओ, किसी को पता भी नहीं चलेगा!" उज्वलानं काळ्याचा नॉब फिरवला, म्हणली, "नख तुटंल माझं." चिंतामणीचा फिरवला आन् म्हणली, "अगं बाई, लोण्यातनं बोट फिरवल्यासारखा फिरतोय!" मला मॅडमचं आठवलं. कडक बघून घ्या. मी तोंड उघडलं. पण आमच्या घरात मी तोंड उघडतो ते जांभई द्यायला, असंच सगळ्यांना वाटतं. पोपट म्हणला, "दाजी, ताईला आवडलंय ना?" झालं. चिंतामणी घरी आलं.

आन् मग ते लागलं कुणाला? पहिली पाळी उज्वलाच्या पोटाची. लावलं की हसायची, "अगं आई, उंदीर पळतोय, उंदीर!" मी मनात म्हणायचो, मैदान पण तेवढं मोठं मिळालंय उंदराला. दुसरी पाळी पोपटच्या दंडाची, कारण त्याला बॉडी बनवायची होती! आयतं बसून बॉडी! आन् मग सेल मरायला आल्यावर माझा खांदा. मला खांद्यात मुंगी पण जाणवायची नाय, एखादी म्हातारी मुंगी काठी टेकत गेल्यासारखी जायची.

आला दसरा. सकाळी उठलो तर उजवा हात कोपरातनं पुढं सरकंना. गळ्यात आकडा घालून, छाती पुढं काढून उभं राहायचं, मानसिंग बारीक बघणार... म्हणलं, आज चिंतामणी शर्टाच्या आतनं लावूनच जायचं, बारीक ठेवायचं, दुखणं मरंल, तासाभराचा तर प्रश्न. नवे सेल आणले. जेलीची ट्यूब काढली तर मोकळी! कुठं गेली जेली? तर पोपटनं केसांना लावलेली! मित्राच्या हळदीला गेला होता ना, केस बसवायला! "दाजी, जेल म्हणजे जेलच ना?" असं वर तोंड करून विचारतोय, आन् केस असे बसलेत जसे मेणाच्या पुतळ्याचे. मी म्हणलं, आता चकत्या चिकटवू कशानं, तुझ्या मेंदूनं? तेवढा पण नाय निघायचा. तर म्हणला, "बयाबाई म्हणली होती ना, खांद्याला मीठ. मिठाच्या पाण्यात भिजवून लावू की." आन् उज्वला म्हणली, "हुशार हाय माझा भाऊ!" आता बयाबाई काय म्हणली होती, ह्यानं काय ऐकलं... पण टाइम नव्हता. खारट पाणी, नवे सेल, आन् लोण्यासारखा नॉब. मी घराबाहेर पडलो.

मार्केटात गेलो, पूजा झाली, आरती झाली. खांदा शांत. बारीक गुदगुल्या. मी मनात म्हणलं, जिंकलो. ह्या वर्षी पण जिंकलो. गोटीराम पण आला होता, जुन्या माणसांना बोलावतात पेढ्याला. वॉचमनच्या निळ्या ड्रेसमधी मागं उभा. मी त्याच्याकडं बघितलं नाय. मानसिंग मधी आला, मिशीवर हात फिरवला, "गड्यांनो, कुणाला वझं जड होतंय का..." आन् नेमका पोपट! पेढ्याचं ताट घेऊन, गर्दीतनं, माझ्या आन् शेजारच्याच्या मधनं घुसला, आन् त्याचं कोपर माझ्या कमरेच्या नॉबला...

आईशप्पथ सांगतो, सहा महिने जो हात मला छातीच्या वर नेता येत नव्हता, तो हात असा गेला वर! ताठ! खाडकन! शाळेत उत्तर येणाऱ्या पोराचा जातो तसा. उभ्या आयुष्यात माझा शाळेत कधी गेला नव्हता! आन् मागनं आवाज आला, "केला! केला! जोतीरामनं हात वर केला!" गोटीराम! एवढा खणखणीत आवाज त्या म्हाताऱ्यात कुठं साठवून ठेवला होता दोन वर्षं, देव जाणे.

मी म्हणलं, अरे केला नाय, झाला... तोवर मशिननं सोडलं, हात खाली. मशिनचं तसंच असतं, चार सेकंद धरायचं, चार सेकंद सोडायचं. मी सांगायला तोंड उघडतोय तोवर हात परत वर! खाली. वर! मानसिंग म्हणला, "अरं जोतीराम, कळलं बाबा. एकदा केला तरी पुरं असतं."

तुमी म्हणाल, मग सांगायचं ना की मशीन लावलंय. काय सांगायचं? मशीन लावलंय म्हणलं की विचारणार, का लावलंय? खांदा गेलाय म्हणून. खांदा गेलाय? मग हात बरोबरच वर केलास की! गप्प बसलो तर हात वर केला म्हणून जागा गेली, बोललो तर खांदा गेला म्हणून जागा गेली. आन् मी हा इचार करतोय तोवर हात आपला वर-खाली, वर-खाली, कुणाला तरी टाटा केल्यासारखा. तेवढ्यात शर्टातनं वायर लोंबली, मानसिंगनं ओढली, डबी बाहेर. "ह्यो डबा कशाला बांधलायस रं?" मी शर्ट आत खोचतोय. म्हणला, "म्हणजे दुखणं झाकून गोण्या उचलत होतास? उद्या कुणाच्या अंगावर पाडली असतीस तर?" तेवढ्यात शाल आली. शालीतनं मी ओरडतोय, केला नाय रं, झाला, झाला... आन् तेव्हा कळलं, शालीतनं आवाज बाहेर कसा जातो ते. जात नाय. नुसती हालचाल दिसते.

नारळ गोटीरामनं दिला. हातात देताना कानाशी म्हणला, "जोतीराम, खाजवत होतास का रं?" बस्, एवढंच. आन् पेढा खाल्ला त्यानं, माझ्यासारखाच.

जागा कुणाला मिळाली ते विचारू नका. बदलीवर कोण होता, तुमाला ठाऊक हाय. घरी येऊन मी पोपटची गचांडी धरली, डाव्या हातानं, म्हणलं, नॉब का फिरवलास? तर काय म्हणतो, "दाजी, मी फिरवला नाय. फिरला." माझंच वाक्य मलाच! गचांडी सोडली.

आता पोपट कामावर जातो आन् मी घड्याळाकडं बघतो. पण महिन्याभरात साहेबांचे खांदे दुखायला लागले. रोज संध्याकाळी आला की आडवा, आन् आतनं उज्वलाचा आवाज, "अहो, नुसते बसलाय ना, लावा की त्याला मशीन, दमून आलाय तो." मला बावीस वर्षांत हे वाक्य ऐकायला मिळालं नाय. लावतो. चकत्या मीच चिकटवतो, मिठाच्या पाण्यात भिजवून. आन् परवा बघितलं, उज्वला आत होती, पोपटचे डोळे मिटलेले, नॉब माझ्या हातात... शेवटापर्यंत! पोपट गादीवर असा उडाला, मासळी टोपलीतनं उडते तसा, दोन्ही हात वर, पाय वर, जिथं जिथं काय वर जाऊ शकतं ते वर. उज्वला धावत आली, "अहो, एवढा कशाला फिरवला?" मी म्हणलं, मी फिरवला नाय. फिरला.

काय समाधान वाटलं तुमाला सांगू! मी वाट बघत बसलो, आता रडतोय, आता शिव्या देतोय, आता ती पिशवी खिळ्यावरनं काढतोय. पोपट हळूच उठला. खांदा फिरवला. असा फिरवला, तसा फिरवला, आन् म्हणतो, "आयला, दाजी... कसलं मोकळं वाटलं! इतके दिवस भीतभीत काय लावत होता? उद्यापासनं एवढ्यावरच ठेवा!"

आन् काल मानसिंग भेटला, म्हणला, "जोतीराम, तुझ्या मेहुण्यासारखा गडी नाय टोळीत, एका दमात दोन गोण्या!"

आता बोला. ह्या टायमाला तुमीच साक्षीदार, लिहून घ्या पाहिजे तर: जोतीरामनं हात वर केले. केले, हां. झाले नाय, केले. म्हणजे... एकच. डावा. उजवा मशिनशिवाय वर जात नाय, आन् मशीन पोपटला लागतं.